एकोणनव्वदावा दिवस: बँकेचं भांडवल, थकलेली कर्जं आणि माझी एक चूक

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच आहे. विषय ऐकायला रुक्ष वाटेल, पण यात तुमच्या एफडीचा संबंध आहे आणि माझ्या एका चुकीचाही. तेव्हा थांबा शेवटपर्यंत.

सुरुवात माझ्या आत्यापासून करतो. आत्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर जे पैसे आले, त्यातले सात लाख तिने घराजवळच्या एका सहकारी बँकेत ठेवले. व्याज अर्धा टक्का जास्त, काउंटरवरची माणसं ओळखीची. मग एके दिवशी त्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. काही महिन्यांनी विम्याचे पाच लाख मिळाले, वरचे अडकले. दिवाळीला गेलो तेव्हा तिने कपाटातून बँकेचा वार्षिक अहवाल काढला, चष्मा लावून एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अरे, यात तर भांडवल पुरेसं आहे असं छापलंय. तू बँकांचंच सॉफ्टवेअर करतोस ना? मग तुला आधी कसं कळलं नाही?"

मी म्हटलं, "आत्या, मी या बँकेचं काम करत नाही." उत्तर खरं होतं, पण पळवाटच होती. आजचा भाग म्हणजे तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचा प्रयत्न आहे.

थोडं माझ्याबद्दल. मी बीटेक, कम्प्युटरवाला. कॅम्पसमधून एका कंपनीत लागलो आणि पहिल्याच प्रोजेक्टला बँकिंग आलं. कर्जाची वर्गवारी करणारं, म्हणजे कुठलं कर्ज चांगलं आणि कुठलं थकलेलं हे ठरवणारं सॉफ्टवेअर. तोपर्यंत मला वाटायचं की आपण ठेवलेले पैसे बँक कुठेतरी जपून ठेवते. तसं नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे. ते कर्जाऊ दिले जातात. मग प्रश्न असा, की कर्ज बुडालं तर आधी कोणाचे पैसे जातात?

आधी मालकांचे जायला हवेत, हा सगळा नियम एवढाच आहे. बँकेच्या भागधारकांचे पैसे आणि साठवलेला नफा मिळून झालं भांडवल. तोटा झाला की तो आधी यातून वजा होतो. हे संपलं, की पुढचा नंबर ठेवीदाराचा. भांडवल म्हणजे तिजोरीत बाजूला काढून ठेवलेली रोकड नव्हे. तुमच्या आणि तोट्याच्या मध्ये उभी असलेली ती भिंत आहे.

भिंत किती उंच हवी? १९७४ साली पश्चिम जर्मनीत हेरश्टाट नावाची बँक बुडाली, तिचे धक्के देशाबाहेरच्या बँकांना बसले. त्याच वर्षाच्या शेवटी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात मोठ्या देशांच्या मध्यवर्ती बँकांची समिती बसली. बाझल म्हणजेच आपल्याकडे ज्याला बासेल म्हणतात ते. १९८८ मध्ये या समितीने आकडा दिला: जोखीम मोजून जी कर्जं होतील, त्यांच्या किमान ८ टक्के भांडवल हवं. भारतात नरसिंहम समितीनंतर, १९९२ पासून हे नियम यायला लागले. आज आपल्या व्यापारी बँकांना किमान ९ टक्के आणि वर अडीच टक्क्यांची राखीव उशी, असे साडेअकरा टक्के लागतात. या गुणोत्तराला सीआरएआर म्हणतात. आत्याचं बोट याच ओळीवर होतं.

आता 'जोखीम मोजून' म्हणजे काय? सगळी कर्जं सारखी धरत नाहीत. केंद्र सरकारच्या रोख्याला वजन शून्य. घरकर्जाला बहुतेक वेळा ३५ किंवा ५० टक्के, कारण मागे घर आहे. ट्रिपल ए पतमानांकन असलेल्या कंपनीला २० टक्के, आणि बीबी किंवा त्याखालचं असेल तर १५० टक्के. म्हणजे बँकेने तुम्हाला एक लाखाचं कर्ज दिलं आणि वजन शंभर टक्के असेल, तर ९ टक्क्यांच्या हिशोबाने त्यामागे मालकांचे ९,००० रुपये हवेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बिनतारण पर्सनल लोनचं वजन १०० वरून १२५ केलं. त्याच लाखाला आता ११,२५० लागायला लागले. व्याजदराला हात न लावता नळ थोडा आवळला, बघा.

इथपर्यंत गणित सोपं आहे. एक भागाकार: वर भांडवल, खाली वजन लावलेली कर्जं. आता एक उदाहरण घेऊ. बँकेकडे १२ रुपये भांडवल आहे, १०० रुपयांची कर्जं आहेत, वजन सगळ्यांना शंभर टक्के. सीआरएआर झाला १२ टक्के. यातलं १० रुपयांचं एक कर्ज थकलं. नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकलं की ते एनपीए. तारण असेल तर सुरुवातीला १५ टक्के तरतूद करायची, म्हणजे दीड रुपया भांडवलातून गेला. राहिले साडेदहा. गुणोत्तर साडेदहाच्या जरा वर. आणि ते कर्ज पूर्णच बुडालं तर? भांडवल २ रुपये, कर्जं ९०. गुणोत्तर दोन टक्क्यांच्या आसपास.

आणि तेच कर्ज बँकेने थकलेलं दाखवलंच नाही तर? गुणोत्तर १२ टक्केच. उलट थोडं वाढेल. कारण चांगल्या कर्जाचं न मिळालेलं व्याजसुद्धा उत्पन्न म्हणून धरता येतं, ते नफ्यात जातं आणि नफा भांडवलात. एनपीए झालं की हे बंद होतं, आधी धरलेलं पण हातात न आलेलं व्याजही उलटं फिरवावं लागतं. म्हणजे थकलेलं कर्ज लपवलं की तरतूद वाचते आणि वर खोटं उत्पन्नही मिळतं. दोन्हीकडून फायदा.

हे पुस्तकी नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, आपली पीएमसी, आठवते ना? मार्च २०१९ च्या अहवालात तिचा सीआरएआर होता १२.६२ टक्के. तेव्हा सहकारी बँकांना किमान ९ लागायचे. एकूण एनपीए ३.७६ टक्के. कागदावर चारचौघींपेक्षा चांगली बँक. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांना सांगितलं, सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढा. ही मर्यादा पुढे वाढत गेली, पण पहिला आकडा एक हजार होता. तपासात जे बाहेर आलं ते असं: बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून जास्त एकाच बांधकाम समूहाला, एचडीआयएलला दिलेलं. आणि ते झाकायला रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत २१,००० हून जास्त बनावट खाती, छोट्या छोट्या रकमांची.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, गुणोत्तराला एकवटलेली जोखीम दिसत नाही. एक एक रुपयाची शंभर कर्जं आणि शंभर रुपयांचं एकच कर्ज, वजन सारखंच. म्हणून एका कर्जदाराला किती द्यायचं याची वेगळी मर्यादा असते. सहकारी बँकांना तेव्हा एका कर्जदारासाठी भांडवलाच्या १५ टक्के आणि एका समूहासाठी ४० टक्के होती. २०२० मध्ये समूहाची २५ वर आणली. दुसरी गोष्ट, भागाकार बरोबरच होता. खोटे होते ते त्यात घातलेले आकडे.

पुढचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचा विमा एक लाखावरून पाच लाख झाला. जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवी टप्प्याटप्प्याने, काही तर दहा वर्षांनी परत मिळणार. आणि संस्थांच्या ठेवींचा ८० टक्के भाग प्रेफरन्स शेअरमध्ये बदलला. नीट ऐका. ज्यांनी ठेव ठेवली होती ते न मागता भागधारक झाले. भिंत पडली, तेव्हा त्यांच्याच विटा काढून नवी बांधली.

आता माझ्या कामाकडे येतो. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की एनपीए ठरवायचं काम माणसाने हाताने करायचं नाही, सिस्टिमने करायचं. व्यापारी बँकांना आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही. रोज रात्री डे-एंडला प्रत्येक खातं तपासायचं. हेतू उघड आहे. पूर्वी मार्च आला की शाखेतून फोन जायचे, "एवढं एक खातं एकोणनव्वदवर थांबवा." मशीनला फोन करता येत नाही. पण मशीनला नियम कोणी शिकवला? माझ्यासारख्या पंचविशीतल्या पोराने.

आत्याचा प्रश्न डोक्यात होता. दिवाळीहून परत आलो आणि एक गोष्ट केली, जी तोपर्यंत कधीच केली नव्हती. एक खातं घेतलं आणि कागदावर हाताने मोजलं. एका टेम्पोचं कर्ज. पाच हप्ते मागे. आणि आमची सिस्टिम म्हणत होती, थकीत दिवस: १२.

माझ्या हाताला घाम फुटला. मंडळी, ती ओळ माझीच होती. नियम असा आहे की दिवस मोजायचे ते सगळ्यात जुन्या न भरलेल्या हप्त्यापासून. जुन्या सिस्टिममधून आलेल्या एका प्रकारच्या कर्जांसाठी मी असं लिहिलं होतं, की पैसे जमा झाले की काउंटर शून्य. टेम्पोवाला दोन-अडीच महिन्यांनी एखादा हप्ता भरत होता आणि सिस्टिम त्याला दर वेळी शाबासकी देत होती. एनपीए झालेलं खातं परत चांगलं करायचं तर सगळी थकबाकी भरलेली असावी लागते. हेही माझ्या ओळीने मोडलं होतं. अशी बरीच खाती निघाली.

आता मला जे सांगायचंय ते हे. ही चूक कित्येक महिने चालू होती आणि एकही तक्रार आली नव्हती. त्याआधी एकदा उलटी चूक झाली होती, चांगली खाती एनपीए दाखवली गेली. तेव्हा रात्री दोनला फोन आला होता, अर्धी बँक कॉलवर. ग्राहक चिडले, शाखा चिडल्या, वरचे साहेब चिडले. पण चूक बँकेला चांगलं दाखवणारी असली, की सगळे शांत झोपतात. ठेवीदाराच्या बाजूने तिकीट टाकणारा त्या खोलीत कोणी नसतो.

मी मॅनेजरना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, तिमाही संपायला सहा दिवस राहिलेत, बदलांना बंदी आहे, पुढच्या तिमाहीत टाकू. प्रक्रियेप्रमाणे बरोबरच होतं. पण सहा दिवसांनी छापला जाणारा आकडा चुकीचा आहे हे मला माहीत होतं. पुढच्या वर्षी कोणाची तरी आत्या त्या आकड्यावर बोट ठेवणार होती. मी त्यांना विचारूनच बँकेच्या रिस्क विभागातल्या मॅडमना मेल केला. दुपारी त्यांचा फोन. एकच प्रश्न: "किती खाती?" मग म्हणाल्या, "आजच टाका. ऑडिटरना मी सांगते."

टाकलं. एनपीए वाढला, तरतूद वाढली, गुणोत्तर थोडं खाली आलं. बँकेला काही झालं नाही, भिंत तेवढी मजबूत होती. पण टेम्पोवाल्याचं खातं एनपीए झालं, त्याचं क्रेडिट रेकॉर्ड खराब झालं. त्याची चूक काय, तर त्याला महिनोन् महिने कोणी सांगितलंच नाही की तो किती मागे आहे. वेळेवर नोटीस गेली असती, तर कदाचित सावरला असता. ते ओझं माझ्याकडे आहे.

आता कामाचं. तुमच्या बँकेचा अहवाल उघडाल तेव्हा फक्त सीआरएआरवर थांबू नका. नोट्स टू अकाउंट्समध्ये वीस सगळ्यात मोठ्या कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती टक्के हिस्सा आहे, ते बघा. 'डायव्हर्जन्स' शब्द शोधा, म्हणजे बँकेने दाखवलेला एनपीए आणि रिझर्व्ह बँकेला सापडलेला एनपीए यात किती फरक निघाला ते कळेल. नेट एनपीए बघा. आणि हे सगळं बघूनही, एका बँकेत एका नावावर मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांच्या वर ठेवताना दोनदा विचार करा. वेगवेगळ्या शाखांत ठेवलं तरी बँक एकच धरतात.

आत्याला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आकडा बरोबर की नाही, हे आकड्यावरून कळत नाही." मग जरा थांबून, "शाळेत आम्ही उत्तर बघून मार्क देत नव्हतो, पायऱ्या बघायचो."

बस, आज इथेच थांबतो. तुमच्या बँकेच्या अहवालात वीस मोठ्या कर्जदारांचा आकडा सापडला तर मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.