कुत्र्याच्या पाठीचा बाक : ओळख आणि निगा

चावडीसमोर, शाळेच्या पटांगणात किंवा घराच्या ओसरीवर नित्य वावरणाऱ्या एखाद्या कुत्र्याची पाठ एके दिवशी कमानीसारखी वर आलेली दिसते. तो पाय मोजून टाकतो, पायरी चढण्यास कचरतो, पाठीला हात लागताच कण्हतो. ‘म्हातारा झाला’, ‘कोणी तरी दगड मारला असेल’ असे म्हणून पाहणारे पुढे जातात. कित्येकदा हा तर्क खराही असतो. परंतु तर्कावर थांबल्याने उपचाराचे मोलाचे तास हातचे जातात. पाठीचा बाक हा एक विशिष्ट रोग नव्हे. तो हाडाचा आहे की दुखण्याचा, हा पहिला प्रश्न होय.

कुत्र्याच्या मानेत ७, छातीच्या भागात १३ व कमरेत ७ मणके असतात. त्यामागे एकमेकांस जुळलेले ३ मणके आणि मग शेपटी. या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. कुत्रा सपाट जमिनीवर उभा असताना त्याच्याकडे एकदा बाजूने व एकदा वरून पाहावे. बाजूने पाहता कणा वर उचललेला किंवा खाली खचलेला कळतो. वरून पाहता डावीउजवीकडे गेलेले वळण कळते.

हाडाचा बाक सहसा लहानपणापासून असतो आणि कुत्रा झोपला तरी मोडत नाही. दुखण्याचा बाक अचानक येतो, पोट फळीसारखे ताठ होते आणि वेदना शमली की पाठ पुन्हा सरळ होते. पोटदुखीतही कुत्रा अशीच पाठ उचलतो, म्हणून निदान पशुवैद्यकावरच सोपवावे. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या व आखूड पायांच्या जातींत मणक्यांमधील गादी कोवळ्या वयातच कडक होऊ लागते. पुढे ती सरकून मज्जारज्जूवर दाबली गेली, की सकाळी खेळणारा कुत्रा संध्याकाळी मागचे पाय ओढू लागतो.

येथे विलंब परवडत नाही. पाय लुळे पडले तरी बोट दाबल्याची वेदना कुत्र्याला जाणवत असेल, तर बरे होण्याची आशा चांगली असते. ती जाणीवही गेल्यास शस्त्रक्रियेनंतर सुमारे निम्मेच कुत्रे पुन्हा चालू शकतात. यात एक फसगत संभवते : चिमटा घेताच पाय आखडला, एवढ्यावरून जाणीव शाबूत आहे असे ठरत नाही. कुत्र्याने मान वळवून पाहिले किंवा तो ओरडला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असे समजावे. ही परीक्षाही पशुवैद्यकानेच करावी. घरी वारंवार चिमटे काढण्यात अर्थ नाही.

अशा कुत्र्याची पाठ तेल लावून चोळणे किंवा ‘मणका बसवण्यासाठी’ दाबणे हा घातक प्रकार होय. माणसाच्या घरातील आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी देणे तितकेच धोक्याचे. कुत्र्याला फळीवर किंवा घट्ट ताणलेल्या चादरीवर उचलावे. वेदनेच्या भरात पाळीव कुत्राही चावतो, याचे भान ठेवावे. आजार सौम्य असल्यास पशुवैद्यक सुमारे ४ आठवडे लहान जागेत बंदिस्त विश्रांती सांगतात. दोन दिवसांत कुत्रा उड्या मारू लागला म्हणून त्याला मोकळे सोडणारे धनी थोडे नाहीत, आणि दुखणे उलटते ते तेव्हाच.

बेवारस कुत्रा मागचे पाय ओढत असेल, लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, तर आधी पिसाळ रोगाची शंका घ्यावी. त्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नये, मुलांना दूर ठेवावे व पशुसंवर्धन यंत्रणेस कळवावे. चावा झालाच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

पिलांच्या बाबतीत दोष पुष्कळदा ताटात असतो. केवळ भात-भाकरी किंवा हाडाविना नुसते मांस यांवर वाढवलेल्या पिलास कॅल्शियम कमी पडते. शरीर ते हाडांतून ओढून घेते, हाडे मऊ होतात आणि कणा खचतो. अशा पिलाला उन्हात बांधण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो निरुपयोगी आहे, कारण कुत्र्याच्या कातडीत माणसाप्रमाणे ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. उलट, मोठ्या जातीच्या पिलास मनाने कॅल्शियमची पूड चारल्यास त्यानेही हाडे बिघडतात. आहार सुधारल्यावर हाडे भरून येतात, तथापि कण्यात बसलेला बाक कायम राहू शकतो.

जन्मजात दोषाचे स्वरूप निराळे. मणका अर्धवट, पाचरीसारखा घडतो आणि छातीच्या मधल्या भागात कुबड येते. फ्रेंच बुलडॉगमध्ये असे मणके सर्रास आढळतात व बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही. पगमध्ये आढळल्यास मात्र पाय लुळे पडण्याचा संभव अधिक. क्ष-किरण चित्रावर बाक ३५ अंशांहून जास्त भरल्यास विशेष सावध राहावे. अशा कुत्र्याचे वजन वाढू देऊ नये, गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा, फरशीवर गोणपाट अंथरावे. पाय गेलेल्या कुत्र्याला पोटाखाली पंचा घालून चालवता येते. त्याचे मूत्राशय वेळेवर रिकामे होते की नाही, हे पाहणे औषधाइतकेच महत्त्वाचे.

बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग व बोस्टन टेरियर यांच्या पिळदार शेपटीमागे जनुकातील एक बदल असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ज्या शेपटीचे कौतुक होते, तिच्याच आनुवंशिकतेत वाकड्या मणक्यांचे मूळ आहे. म्हणून पैदाशीपूर्वी नर-मादीच्या कण्याचे क्ष-किरण चित्र काढणे आणि कुबड असलेल्या जनावरापासून पैदास न करणे, हाच यावरील खरा उपाय. केंद्र शासनाच्या २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्यास नोंदणी आवश्यक असून ८ आठवड्यांहून लहान पिलू विकण्यास मनाई आहे. पिलू घेणाऱ्याने नोंदणीचा कागद मागावा, पिलाच्या आईची चाल पाहावी आणि पिलाच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत एकदा सावकाश हात फिरवावा.