मिरजेचा तंबोरा आणि सरकारी योजना

मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या फरीदसाहेबांपासून त्यांनी सतार-तंबोऱ्याची कारागिरी उभी केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा महिनोन्‌महिने वाळवायचा, त्यावर लाकडाची दांडी जोडायची, शेवटी जवारी काढायची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून सूर खुलवायचा. घोडीवर कानस किती फिरवायची हे कानच ठरवतो, म्हणून हे काम उस्तादाशेजारी बसूनच शिकावं लागतं. पण शिकण्याच्या या वर्षांत घर कसं चालणार?

अल्पसंख्याक समाजांच्या अशा पारंपरिक कलांसाठी केंद्र सरकारने 2015 मध्ये ‘उस्ताद’ ही प्रशिक्षण योजना सुरू केली. आता ती ‘पीएम विकास’मध्ये सामावली आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाची ‘विरासत’ योजना कारागिरांना कर्ज देते. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

कारागिरांसाठीच्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत मात्र वाद्य बनवणाऱ्यांचं वेगळं नाव नाही. ते असायला हवं. आणि कर्जाआधी विद्यावेतन हवं, तेही शिकणं पूर्ण होईपर्यंत. आपल्या ओळखीत असे कारागीर असतील, तर जिल्हाधिकारी कार्यालयात या योजनांची चौकशी करायला त्यांना जरूर सांगा.