पुसली न जाणारी रांगोळी



मला चारचौघींत उभे राहून बोलण्याची सवय नाही. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. परंतु वर्धापनदिनी मी माझ्या छंदाविषयी दोन शब्द सांगावेत असा मंडळाचा आग्रह झाला, म्हणून उभी आहे.

आपल्या कॅम्प पाचमध्ये पुष्कळ घरांतून शिलाईचे काम चालते. मीही घरी जीन्स शिवते. शिवलेली पँट दुकानात जाते, केलेली पोळी ताटात जाते आणि पहाटे काढलेली रांगोळी दुपारपर्यंत पायाखाली जाते. त्याचे मला दुःख नव्हते. पण एके दिवशी मुलाच्या दप्तरातला काळा पर्मनंट मार्कर हाती लागला आणि मशीनच्या फळीवर, जिथे मी कात्री ठेवते तिथे, सहज एक कुयरी काढली. दुसऱ्या दिवशी ओले फडके फिरवले तरी ती तशीच! माझ्या हातचे काहीतरी घरात टिकले, याचे मलाच नवल वाटले.

मग सगळी फळी भरली, पत्र्याचे डबे भरले. अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० चे. तिथे दर्शनाला गेले की भिंतीवरची वेलबुट्टी डोळ्यांत साठवून आणते.

आमच्या ह्यांचा टेम्पो आहे. त्याच्या दारावर वेल काढू का, असे विचारले तर हे म्हणाले, "लोक हसतील." महिनाभर मनधरणी केली, तेव्हा कुठे दसऱ्यासाठी एका दाराला परवानगी मिळाली. चार रात्री जागून वेल काढली. ती पक्की व्हावी म्हणून वरून ब्रशने लॅकर फिरवले, आणि सारी नक्षी फिसकटून काळा डाग झाला! दसरा दुसऱ्या दिवशी. मी मटकन खाली बसले. वाटले, आता बोलणी खावी लागणार. हे काही बोलले नाहीत. स्पिरिटची बाटली आणून दार स्वच्छ पुसले आणि म्हणाले, "चल, पुन्हा काढ. मी दिवा धरतो." त्या वर्षी शिलाई मशीन आणि टेम्पो, दोघांची पूजा झाली ती माझ्या नक्षीसह.

चूक कशी झाली ते आता सांगते. मार्करच्या शाईत रंग आणि राळ स्पिरिटसारख्या द्रवात विरघळलेली असतात. द्रव उडून गेला की रंग चिकटून राहतो. म्हणून पाण्याने तो जात नाही, पण स्पिरिटने आणि लॅकरमधल्या थिनरने सुटतो. तेव्हा पत्रा आधी पुसून कोरडा करावा, पेन्सिलीने आखावे, नक्षी पूर्ण सुकू द्यावी आणि वर स्प्रेचे पातळ हात द्यावेत, मध्ये वाळू देऊन. उन्हात साधा मार्कर फिका पडतो. गाडीला ऑइल पेंटचा मार्कर बरा. खिडकी उघडी ठेवावी. चुलीजवळ बसू नये, कारण ही द्रव्ये पेट घेतात. आणि दुसऱ्याच्या वस्तूवर विचारल्याशिवाय रेघ ओढू नये.

कोणी म्हणेल, संसार सोडून हे कसले खूळ? भगिनींनो, वारली लोकांत लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनीच काढीत आल्या. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रे कागदावर आणली, जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या सुवासिनींची नावे कुठे लिहिलेली नाहीत. मला पदवी नको, मान नको. परंतु ज्या फळीवर माझे दिवस जातात, तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मी माझे नाव लिहिले आहे.

आपणही एखादा जुना डबा घेऊन बसून पाहावे. मार्कर माझ्याकडे आहेत, केव्हाही या.