सेवेचा उत्तराधिकार



कुष्ठसेवेचा विषय निघाला की दत्तपूरचे मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनाचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन आणि आनंदवनाचे बाबा आमटे ही नावे आपल्या ओठी येतात, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु थोर पुरुषांपाशीच थबकण्याची जी आपली जुनी खोड, तिच्यापायी या क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या झिजलेल्या कॅथलिक संन्यासिनींची नावनिशाणीही आपल्या दफ्तरी उरलेली नाही. त्यांच्या करुणेची स्तुती पुष्कळांनी केली आहे. मला आज त्यांच्या व्यवस्थेविषयी बोलावयाचे आहे.

हवाई बेटांतील मोलोकाईवर कुष्ठरोग्यांना हद्दपार करण्याचा सरकारी हुकूम होता. नॉर्वेत हॅन्सनने या रोगाचा जंतू शोधला त्याच १८७३ साली फादर डेमियन तेथे गेले, त्याच रोगाने १८८९ च्या एप्रिलात निवर्तले, आणि जगाने त्यांना शिरोधार्य मानले. तथापि त्यांच्या निधनापूर्वी पाच महिने मदर मेरियन कोप दोन सहकारी भगिनींसह तेथे दाखल झाल्या होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही. स्वच्छतेचे नियम कटाक्षाने पाळून, रोगाची बाधा होऊ न देता, १९१८ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी तेथील कारभार सांभाळला.

आपल्याकडे अंधेरीच्या सेंट कॅथरीन होममध्ये सेवा करणाऱ्या जर्मन मदर ॲना हुबर्टा यांनी १९४२ मध्ये 'हेल्पर्स ऑफ मेरी' हा संघ स्थापिला. वर्सोव्याचे विमला कुष्ठोपचार केंद्र त्याच संघाच्या भगिनी चालवितात. एके काळी मुंबई इलाख्यातच मोडणाऱ्या कराचीत, हिंदुस्थानास निघालेल्या डॉ. सिस्टर रूथ फाऊ परवान्याच्या अडचणीमुळे १९६० मध्ये अडकल्या, तेथील कुष्ठवस्ती पाहून कायमच्या राहिल्या, आणि २०१७ मध्ये तेथेच निवर्तल्या.

या सेवेचे स्वरूप दिसावयास अगदी साधे आहे. बधिर झालेले पाऊल रोज पाण्यात भिजवावे, घट्टा हलक्या हाताने खरवडावा, ओलसर कातडीवर तेल चोळावे, आणि तळवा डोळ्यांनी न्याहाळावा. कारण खिळा रुतला तरी त्या पायास त्याची खबर नसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने सहा अथवा बारा महिन्यांत रोग बरा होतो खरा, परंतु मेलेली संवेदना सहसा परत येत नाही, आणि म्हणून ही निगा जन्मभराची ठरते. जन्मभराचे काम एका माणसाच्या उत्साहावर सोडून चालत नाही. बदलीचा हुकूम येताच एक भगिनी निघते आणि दुसरी, पालखीचा खांदा बदलावा तशी, त्याच जागी उभी राहते. रोग्याची मलमपट्टी एक दिवसही चुकत नाही.

आपल्या सोलापूर शहरात हजारो स्त्रिया विड्या वळतात. बोटांची संवेदना हीच त्यांची रोजी. फिकट, बधिर चट्टा दिसताच त्यांना लपविण्याचे नव्हे, तर सरकारी दवाखाना गाठण्याचे धैर्य यावे, तेथे औषध मोफत मिळते हे त्यांना ठाऊक असावे, आणि त्यानंतरच्या निगेची तजवीज आपल्या संस्थांनी करावी. संस्थापकाची तसबीर लावण्यास आपण कधी विसरत नाही. त्याच बैठकीत त्याच्यामागून काम कोण पाहणार याचाही ठराव व्हावा, एवढेच माझे सांगणे आहे.