क्योटो शहरी दोन दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घर सांभाळणारी बाई. भाषणाची सवय नाही. पण चिटणीसबाईंनी आग्रह केला, म्हणून पाहिले ते सांगते.

आमचे धाकटे दीर नोकरीनिमित्त जपानात ओसाका येथे असतात. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी सासूबाईंना व मला बोलावून घेतले. सासूबाई माळकरी. त्यांच्या खाण्यापिण्याचा भार माझ्यावर, या बोलीवरच आम्ही निघालो.

ओसाकाहून आगगाडीने अर्ध्या तासात क्योटो येते. इ. स. ७९४ पासून हजारांवर वर्षे ही जपानची राजधानी होती. पहिल्या दिवशी कियोमिझूचे देऊळ पाहिले. डोंगराच्या कडेला १३ मीटर उंच लाकडी खांबांवर त्याचा सज्जा उभा आहे आणि त्या खांबांच्या जोडणीला खिळा म्हणून नाही! खाली झऱ्याच्या तीन धारा पडतात. लांब दांड्याच्या पळीने एकाच धारेचे पाणी प्यावे. तिन्हींचे पिणे हावरेपणाचे मानतात.

दुपारी एका लहान खाणावळीत शिरलो. ‘मासे, मांस, अंडे नको’ अशी चिठ्ठी जाऊबाईंनी जपानीत लिहून दिली होती. मालकिणीने ती वाचून मान लवविली व उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, रश्शात घालून आणल्या. सासूबाईंनी दोन घोट घेतले. मग मी चव घेतली, तर वास निराळा! मी खुणेने विचारले. तिने सुकविलेल्या माशाचे पातळ काप दाखविले. त्यात माशाचा तुकडा नव्हता, पण रस्साच माशाचा. त्याला दाशी म्हणतात आणि तेथील पुष्कळ पदार्थांत ती असते.

भगिनींनो, माझ्या हातापायांतले बळ गेले. सांगावे की गप्प बसावे? गप्प बसले असते तर कोणाला कळले नसते. पण मी सांगितले. सासूबाईंनी वाटी सारली आणि माळेला हात लावून बसून राहिल्या. रात्री फक्त केळी खाल्ली. माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सांजूसांगेंदो या देवळात गेलो. सुमारे १२० मीटर लांब दालनात कान्नोनच्या १००१ मूर्ती आहेत. कान्नोन म्हणजे आपल्याकडून गेलेला करुणेचा अवलोकितेश्वर. पुढे रक्षक देवांत ब्रह्मदेव, इंद्र आणि बासरी वाजवणारा गरुड! गरुडापुढे सासूबाई थबकल्या, हात जोडले. बाहेर येऊन म्हणाल्या, “सूनबाई, अजाणता घडलं ते देव पाहून घेईल. तू लपवलं असतंस, तर मात्र तुझ्या हातचं पुन्हा खाल्लं नसतं.”

त्या दुपारी नान्झेन्जी देवळाजवळ गेलो. जाऊबाईंनी चिठ्ठीत ‘माशाची दाशीही नको’ असे वाढविले होते. समुद्रातील कोंबू नावाच्या शेवाळाच्या पाण्यात गरम केलेला तोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीरच, आणि त्या दुधाच्या सायीचा युबा आला. देवळांतील शोजिन जेवणात मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही वर्ज्य. सासूबाई पोटभर जेवल्या.

तेव्हा परमुलखी जाल तर नुसते ‘मासे नको’ म्हणून भागत नाही. रस्सा कशाचा ते विचारा. आणि चूक झालीच, तर ती घरच्या माणसाला सांगा.