स्फटिकाच्या थरथरीत उमटलेले चुंबकत्व



हिवरा आश्रमच्या आसपास एखाद्या ओढ्याच्या कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवला, की त्याला काळे बारीक कण चिकटतात. आपल्या बेसाल्ट खडकातून झिजून सुटलेल्या मॅग्नेटाइटचे हे कण. चुंबक लोखंडाला ओढतो, हे आपण लहानपणीच शिकतो. पण चुंबकत्व स्फटिकातल्या अणूंची थरथरसुद्धा बदलते. आज त्याविषयी बोलू.

स्फटिकात अणूंच्या जागा ठरलेल्या असतात, पण अणू स्वस्थ नसतात. अदृश्य स्प्रिंगांनी शेजाऱ्यांशी जोडल्यासारखे ते सेकंदाला काही लाख कोटी वेळा हलतात. या सामूहिक कंपनांना फोनॉन म्हणतात. ती मोजायची वाट सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 रोजी दाखवली. पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो आणि त्या बदलातून कंपनाची वारंवारता कळते. उदाहरणार्थ, आपल्या लोणारला उल्कापाताच्या धक्क्याने फेल्डस्पार खनिजाची काच झाली. तिच्या रामन वर्णपटात स्फटिकाच्या धारदार रेषांऐवजी रुंद, पसरट उंचवटे दिसतात. अणूंची रांग मोडल्याची ती खूण.

आता टोपोलॉजिकल स्फटिकांकडे वळू. त्यांच्यातील इलेक्ट्रॉनांच्या लहरींची गुंफण अशी असते, की थोड्याफार अशुद्धीने ती सुटत नाही. टोपोलॉजीची ही कल्पना पदार्थविज्ञानात आणणाऱ्या थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना 2016 चे नोबेल मिळाले. कोबाल्ट, कथील आणि गंधक यांचा एक स्फटिक या कुळातला आहे. सुमारे उणे 96 अंश सेल्सिअसच्या खाली तो स्वतःच चुंबक बनतो, आणि त्या चुंबकत्वामुळेच त्याच्या इलेक्ट्रॉनांना हा टोपोलॉजिकल गुण येतो.

अणूंची कंपने यात कशी ओढली जातात? प्रत्येक कोबाल्ट अणू म्हणजे एक सूक्ष्म चुंबक. दोन शेजारी चुंबकांमधले बळ त्यांच्यातल्या अंतरावर आणि कोनावर ठरते. अणू हलला, की अंतर बदलते आणि बळही बदलते. सगळे चुंबक एका दिशेला वळले, की हे बळ स्प्रिंगच्या ताठपणात मिसळते आणि कंपनाची वारंवारता सरकते. थंड होताना स्फटिक आकसतो, त्यामुळे वारंवारता एरवीही हळूहळू वाढतच असते. चुंबकत्व जागे होणाऱ्या तापमानाला ही वाढ नेहमीची चाल सोडते. बदल बहुधा टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, पण खात्रीने मोजता येणारा. रेषेची रुंदी आणि आकार पाहून इलेक्ट्रॉन त्या कंपनात किती गुंतले आहेत, याचाही अंदाज बांधता येतो.

म्हणजे चुंबकत्व, इलेक्ट्रॉन आणि कंपने ही तीन वेगळी प्रकरणे नव्हेत. एकाला समजून घ्यायचे तर इतर दोघांनाही विचारावे लागते. कमी ऊर्जेत चालणारी उपकरणे घडवण्याची आशा या अभ्यासामागे आहे. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था येथे असे स्फटिक भट्टीत वाढवण्याचे कसब आहे. आयसरमध्ये बारावीनंतर, तर टाटा संस्थेत पदवीनंतर प्रवेश घेता येतो. मेहकर-लोणारच्या मुलामुलींनो, भौतिकशास्त्राची गोडी असेल, तर या वाटेला अवश्य या.