जन्मक्षणींची सबुरी

बाळंतिणीच्या खोलीचें दार लोटलेलें असतें आणि ओसरीवर आजी दर पांच मिनिटांनीं विचारीत असते, "सुटका झाली का?" आतां ओसरीच्या जागीं रुग्णालयाचा लांब बोळ आला, आजीच्या हातीं भ्रमणध्वनि आला, प्रश्न मात्र तोच राहिला आहे. आंतील मंडळींनाही या घाईची लागण व्हावयास वेळ लागत नाहीं. मग "जोर कर, श्वास सोडूं नकोस, आणखी जोर कर!" असा एकच गिल्ला होतो. वस्तुतः आवाज खालीं आणण्याची वेळ हीच.

गर्भाशयाचें तोंड पूर्ण उघडल्यापासून मूल बाहेर येईपर्यंतचा काळ पहिलटकरणीच्या बाबतींत बहुधा ३ तासांच्या आंत, व पुढच्या खेपांना २ तासांच्या आंत संपतो, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालच्या मार्गदर्शनांत म्हटलें आहे. जोर करावयाचा तो शरीर सांगेल तेव्हां, दुसऱ्यानें फर्माविलें म्हणून नव्हे, असाही त्याचा अभिप्राय आहे. पोट वरून दाबून मूल खालीं रेटण्याची रीत तर त्यांत साफ नाकारली आहे.

माथा दिसूं लागला म्हणजे खरी कसोटी. कळेबरोबर तो पुढें येतो, कळ ओसरतांच किंचित् मागें सरतो. पाहणाऱ्यास वाटतें, केलेले श्रम फुकट गेले! परंतु या पुढें-मागें होण्यांतच मार्गाची त्वचा व स्नायु हळूहळू ताणले जातात. जाणती सुईण किंवा परिचारिका अशा वेळीं सोसेल इतक्या ऊन पाण्यांत पिळलेली स्वच्छ घडी खालच्या भागावर धरते, माथ्याला हातानें अलगद आधार देते, ओढीत मात्र नाहीं, आणि त्याचा सर्वांत रुंद भाग बाहेर पडतेवेळीं हळूच सांगते, "आतां जोर नको, बाई. धापा टाकल्यासारखे लहान लहान श्वास घे." हे थोडे क्षण जपले तर गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी चीर पुष्कळदां टळते. त्या चिरेचें दुःख, जिला पुढें मळ आंवरतां येत नाहीं तिलाच ठाऊक. लज्जेमुळें ती तें घरांतही बोलत नाहीं.

१९२० सालीं शिकागोचे डॉक्टर जोसेफ डी-ली यांनीं असा पक्ष मांडला कीं, पहिलटकरणीला छेद द्यावा व चिमट्यानें मूल काढावें, म्हणजे इजा कमी होईल. हेतु चांगला होता; पण सरसकट छेद देण्याची चाल त्यामुळें बळावली व अनेक दशकें टिकली. आज ती मान्य नाहीं. कारण असेल तेथें छेद द्यावाच लागतो, ती गोष्ट वेगळी.

डोकें बाहेर आल्यावर पुन्हां थांबणें आलेंच. मूल आपण होऊन तोंड एका बाजूस वळवितें, आंत खांदे फिरतात आणि पुढच्या कळेबरोबर सहसा सगळें अंग बाहेर येतें. मान धरून ओढल्यास मात्र हाताचे मज्जातंतु दुखावण्याचें भय असतें.

तथापि सबुरी म्हणजे बेफिकिरी नव्हे. या काळांत मुलाच्या हृदयाचे ठोके दर ५ मिनिटांनीं ऐकावयाचे असतात. ते मंदावून राहिले, अथवा बाहेर आलेलें डोकें कासवाच्या मानेप्रमाणें पुन्हां आंत ओढलें जाऊन खांदा अडला, तर क्षणही दवडतां येत नाहीं. तेथें सबुरीचें नांव घेणें हा अपराध होय. रक्तस्राव टाळण्याची सुईही मूल जन्मतांच देतात.

नाळेला मात्र घाई नको. ती लवकर बांधूं नये, असें चार्ल्स डार्विनचे आजोबा, वैद्य इरॅस्मस डार्विन, यांनीं १८०१ सालींच लिहून ठेविलें होतें. मूल व आई ठीक असल्यास निदान १ मिनिट थांबावें, असें आज सांगतात. तेवढ्यांत वारेंतील रक्त मुलाकडे जातें व त्याच्या अंगांतील लोहाचा सांठा वाढतो. मग मूल पुसून आईच्या उघड्या छातीवर पहिला तासभर ठेवावें, आणि अंघोळ २४ तासांनंतर घालावी. पाणी तापवून वाट पाहणाऱ्या आजीच्या गळीं ही शेवटची अट उतरविणें सोपें नाहीं.